फाटकावरची सासू

आमच्या सासूबाईंना टाकसाळीत सगळे चाळणी म्हणायचे. तोंडावर नाही, तेवढी कुणाची छाती नव्हती. पण पाठीमागे चाळणीच. सुटीची घंटा झाली की बाया एकमेकींना विचारायच्या, "आज चाळणी कुठल्या बाजूला आहे गं?" आणि ती ज्या बाजूला नसेल तिकडे रांग वाढायची. त्यातली एकही चोर नव्हती, हं. पण सासूबाईंचा हात अंगावरून फिरला की माणसाला उगाच वाटायला लागायचं, आपण काहीतरी उचललंय. मग घाम फुटायचा. आणि घाम फुटला की त्या दुसऱ्यांदा तपासायच्या.

त्यांचं कामच ते होतं. नाणी पाडायच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक बाईची झडती घ्यायची. बाही, कॉलर, बुटांचे तळ, जिभेखाली, केसांत. ती शिट्टी मारणारी कमान नंतर आली, तेव्हा सगळा हातांचा कारभार. सकाळी आत शिरताना आम्ही आपले कपडे फाटकावर ठेवून बिनखिशाचा निळा झगा चढवायचो. स्वतःचं सुटं नाणं चुकूनसुद्धा आत न्यायचं नाही. कारण आत नेलेलं नाणं बाहेर आणताना ते तुमचंच, हे कोण सांगणार? नाण्यावर काय आपलं नाव असतं? म्हणून टाकसाळीतल्या माणसांची एक खोड असते बघा, घरातून निघताना आम्ही आधी खिसे उलटे करतो. लग्नाला निघालो तरी.

आणि फाटकावर लाल अक्षरांत एक पाटी होती. ज्याच्या अंगावर नाणं सापडेल तो चोर. कसं आलं, कुणी ठेवलं, हे विचारायची पद्धत नव्हती. सापडलं की संपलं.

ही पाटी आमच्या घराला एकदा चाटून गेलेली होती. सासऱ्यांना मी फोटोतच पाहिलं. नाण्यांचे ठसे घासून चकचकीत करायच्या खात्यात होते ते. एका संध्याकाळी त्यांच्या डब्यात नाणं सापडलं. "मी घेतलं नाही," एवढंच ते म्हणत राहिले. त्यांना काढून टाकलं, आणि पुढे ते फार जगले नाहीत. सासूबाई तेव्हा आतच, नाण्यांची पोती बांधायच्या खात्यात होत्या. चोराची बायको म्हणून बाया त्यांच्या शेजारी डबा उघडायच्या नाहीत. पण ह्या बाईने नोकरी सोडली नाही. मान खाली घालून पोती बांधत राहिल्या, आणि झडतीची जागा रिकामी झाली तेव्हा स्वतः साहेबांच्या खोलीत जाऊन ती मागितली. लोक म्हणाले, घ्या, चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. साहेब मात्र हुशार होते. त्यांनी ओळखलं की हिच्याइतकं डोळ्यांत तेल घालून दुसरं कुणी बघणार नाही.

घरात सासऱ्यांचा विषय काढायचा नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. नवीन नवीन होते, एकदा विचारून बसले, "आई, बाबांनी खरंच घेतलं होतं का हो?"

त्या भाजी चिरत होत्या. सुरी थांबली. "मला काय माहीत," म्हणाल्या, आणि पुन्हा चिरायला लागल्या.

नवऱ्याबद्दल बाई असं बोलते? नाही घेतलं म्हणावं, निदान सुनेसमोर तरी! मला त्या दिवशी त्यांचा फार राग आला, आणि खरं सांगते, थोडी भीतीही वाटली. जी बाई मेलेल्या नवऱ्याची बाजू घेत नाही ती माझी काय घेणार?

घर आमचं दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत पत्र्याचं कपाट आणि त्यांची खाट, आतल्या खोलीत आम्ही. आमचे हे बसच्या डेपोत मेकॅनिक. एकदम गरीब गाय. आमचं दोघींचं जुंपलं की ह्यांना कुठला तरी नट आवळायचा राहिल्याचं आठवायचं आणि हे पाना घेऊन जिना उतरायचे. त्या जिन्याच्या कठड्याचे नट ह्यांनी इतके आवळलेत की आता सुटायचे नाहीत.

सासूबाईंना घरातही चैन नसे. पाहुणे उठले की ह्या दारापर्यंत पोचवायला जाणार, आणि बोलता बोलता पाहुणीच्या दंडावरून, कमरेवरून हात फिरवणार. पाहुणीला वाटायचं काय माया! मला विचारा माया. आमच्या आतेनणंदेच्या बाहीत एकदा रुमाल होता, तर ह्यांनी तो बाहेर ओढून झटकला. ती बिचारी पुन्हा कधी आली नाही.

मी म्हणायचे, "आई, घर आहे हे, टाकसाळ नाही."

"हाताला सवय आहे गं," त्या म्हणायच्या.

टाकसाळीत मला त्यांनीच चिकटवलं. पहिल्या दिवशी त्या मला दर्शनी दालनातल्या काचेच्या कपाटापुढे घेऊन गेल्या. आत जुने हातोडे, झिजलेले ठसे आणि ओबडधोबड नाणी मांडलेली होती.

"हे बघ," त्या म्हणाल्या. "आधी हातोड्याने ठोकून नाणी पाडायचे. कडा अशा वाकड्यातिकड्या. मग लोक काय करायचे, कडेची चांदी कातरून घ्यायचे. अगदी चिमूटभर. आणि राहिलेलं नाणं साळसूदपणे पुढे सरकवायचे. कुणी नाणी पिशवीत घालून तासन्‌तास हलवायचे, तळाला भुकटी जमायची ती आपली. कुणाला पत्ता लागायचा नाही. मग कडेला हे बारीक दाते पाडायला लागले. कातरलं की दाते जातात, लगेच कळतं."

"बरं," मी म्हटलं.

"बरं काय? लोक नाण्यावरचं तोंड बघतात. मी कड बघते. तोंड काय, सगळ्यांचंच चांगलं असतं."

"मग माणसांनाही दाते पाडून घ्या की," मी पुटपुटले. त्यांना ऐकू गेलं.

साहेबांचं म्हणणं होतं की सुनेची झडती सासूने घेऊ नये, हिला दुसऱ्या बाजूला पाठवा. सासूबाईंनी साफ नकार दिला. दुसरीला आतून सांगून ठेवलंय असं लोक म्हणतील, त्यापेक्षा माझ्याच हातून जाऊ दे, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. बाकीच्या बायांची झडती पडद्याआड व्हायची. माझी पडदा बाजूला सारून. मी हात पसरून उभी, ह्या माझ्या बाह्या चाचपतायत, तोंड उघडायला लावतायत, आणि मागे पन्नास बाया बघतायत! रोज, न चुकता. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं व्हायचं.

केसांचा मात्र प्रश्न आला. उघड्यावर सुनेला केस सोडायला लावणं त्यांनाही बरं दिसेना. म्हणून त्यांनी तोडगा काढला. रोज सकाळी माझा अंबाडा त्या स्वतः घालायच्या आणि वरून सुती फितीने पोत्याची गाठ मारायच्या. नाण्यांच्या पोत्यांना एक खास गाठ असते. तिचं एक टोक आत दडलेलं असतं. सोडायला सोडेल कुणीही, पण पुन्हा तशीच बसवायला पोती बांधलेलाच हात लागतो. तर ती गाठ माझ्या डोक्यावर. संध्याकाळी त्या बघणार, एक बोट फिरवणार, गाठ जागेवर असली की झालं. केस सोडायचे नाहीत.

"मी काय पोतं आहे?" मी पहिल्याच दिवशी भडकले होते.

"पोतं असतीस तर बरं होतं," त्या म्हणाल्या. "पोतं उलट बोलत नाही."

बायांना त्यातही संशय. कुणी म्हणायची, बाकी सगळा देखावा आहे, केसांना बरी हात लावत नाही ती, केसांतून काय जातं कुणास ठाऊक. कुणी म्हणायची, नवरा तसा, सून कशी असेल? मी निवडीच्या टेबलावर बसायचे. पाडलेली नाणी समोरच्या पट्ट्यावरून सरकत यायची, त्यातली बिघडलेली उचलून लाल डब्यात टाकायची, ती पुन्हा वितळायला जायची. अख्ख्या टेबलावर माझ्याशी नीट बोलायची ती एकटी हसरी. ती माझ्या शेजारची. बोलण्याआधी हसायची, बोलून झाल्यावर हसायची, म्हणून हसरी. मला तिचा केवढा आधार होता.

त्या दिवशी सकाळी माझं आणि सासूबाईंचं चांगलंच वाजलं. मी अंघोळीहून आले तर ह्या माझी पिशवी उघडून बसलेल्या. फणी, रुमाल, डबा, सगळं खाटेवर मांडलेलं. डब्याचं झाकणही काढलेलं.

"घरातसुद्धा?" मी ओरडले. "अहो, मी तुमची सून आहे की दरोडेखोर?"

"ओरडू नकोस. बस इकडे, केस बांधते."

"आपलंच नाणं खोटं वाटतं ना तुम्हाला? मग आणलंत कशाला मला ह्या घरात?"

हे पाना शोधायला लागले. सासूबाईंनी मला खाटेपुढे बसवलं. माझे केस ओढून अंबाडा घातला आणि गाठ अशी करकचून आवळली की माझ्या भुवया वर चढल्या. दुपारपर्यंत डोकं ठणकत होतं.

जेवणाच्या सुटीआधी पट्ट्यावरून एक गंमत आली. नाण्याची चकती ठशाखाली सरकली होती, त्यामुळे छाप अर्धाच उठलेला. एका बाजूला नुसतं अर्धं तोंड, बाकी कोरा पत्रा. असं नाणं बाहेर गेलं की शौकीन लोक वेड्यासारखे त्याच्यामागे लागतात, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मी ते हसरीला दाखवलं. ती इतकी हसली, इतकी हसली! "दे इकडे, मी टाकते लाल डब्यात," म्हणाली. मी दिलं.

सुटीत ती माझ्या मागे येऊन उभी राहिली. "अगं, कपाळाच्या शिरा बघ कशा ताठल्यात तुझ्या. किती आवळलंय मेलीने! सोडू का जरा?"

एरवी मी नाही म्हटलं असतं. पण सकाळची पिशवी डोळ्यांसमोर होती. "सोड," मी म्हटलं. "सोड ती पोत्याची गाठ. बघू दे संध्याकाळी काय करते ती." हसरीने पिनेच्या टोकाने गाठ सोडली, केस मोकळे केले, हळुवार हाताने सैल अंबाडा घातला. असं बरं वाटलं म्हणून सांगू! आईची आठवण झाली मला.

संध्याकाळी हसरी दुसऱ्या रांगेतून आधीच बाहेर पडली. मी सासूबाईंच्या पुढ्यात उभी राहिले, पडदा नेहमीसारखा उघडा. मनात म्हटलं, आता होऊन जाऊ दे तमाशा. त्यांनी बाह्या बघितल्या, कॉलर, बूट, तोंड. मग मला वळवलं.

त्यांचा हात माझ्या अंबाड्यावर आला आणि तिथेच थांबला. मी वाट बघत होते. आता ओरडतील, केस सोडायला लावतील, सगळ्यांसमोर शोभा करतील. बोटं एकदा दाबली गेली. मागे रांगेत कुणीतरी खोकलं.

"जा," त्या म्हणाल्या.

मी वळून बघितलं. तोंडावर काही नाही. राग नाही, काही नाही. कपडे बदलून बाहेर पडले खरी, पण डोक्यात सारखं तेच फिरत होतं. गाठ सुटलीय आणि ही बाई गप्प? जी बाई पाहुणीचा रुमाल झटकते ती? नक्कीच काहीतरी शिजतंय. घरी जाऊन ह्यांच्यासमोर काढणार, की साहेबांकडे जाणार?

हसरी कोपऱ्यावर थांबलेली होती. आम्ही दोघी बसच्या थांब्याकडे निघालो. चालता चालता मी सहज मागे बघितलं, तर सासूबाई! ड्युटी संपायच्या आत फाटक सोडून, त्याच गणवेशात, भिंतीच्या कडेकडेने येतायत. आयुष्यात त्यांनी कधी वेळेआधी फाटक सोडलं नव्हतं. माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. माझा पाठलाग! भर रस्त्यात! आता वळते आणि सगळ्यांसमोर हिला विचारते, असं ठरवलं मी. आज एक घाव दोन तुकडे.

घड्याळजीच्या दुकानापाशी हसरी थांबली. "थांब गं, पिन निघालीय तुझी," म्हणाली आणि तिने माझ्या केसांत हात घातला.

पुढचं सगळं माझ्या पाठीमागे झालं. आधी हसरीची किंकाळी आली. मी वळले, तर सासूबाईंनी तिचं मनगट धरलेलं. हसरीच्या दोन बोटांत ते नाणं होतं. अर्ध्या तोंडाचं. माझ्या केसांतून निघालेलं.

मला आधी काही कळेना. मग कळलं. घड्याळजी दुकानातून उठून आला, थांब्यावरच्या दोघीतिघी धावत आल्या. हसरी रडायला लागली. म्हणाली, "चाळणी सुनेचे केस सोडत नाही, हे सगळ्यांना माहितीय. मला वाटलं जाईल." मी तिला मारायला धावले होते, घड्याळजीने मला धरलं. रडूही येत होतं मला. त्या हाताने दुपारी मला आई आठवली होती.

सासूबाईंनी आम्हा दोघींना परत आत नेलं, थेट साहेबांच्या खोलीत. साहेब म्हातारे आणि मवाळ. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी हसरीला बाहेर बसवलं आणि दार लोटलं.

"बाई, असं लिहू या," ते म्हणाले. "फाटकावर तुमच्या लक्षात आलं नाही. नजरचूक झाली. पुढे रस्त्यात संशय आला म्हणून तुम्ही चोर पकडलात. तुम्हालाही काही नाही, सुनेलाही काही नाही."

"नजरचूक नाही झाली," सासूबाई म्हणाल्या. "गाठ बदललेली दिसली मला. नाणं हाताला लागलं. लागलं आणि मी सोडलं."

"अहो, पण का? तिथेच धरायचं ना!"

"धरलं असतं तर ही चोर ठरली असती. तुमची पाटी वाचा की."

साहेबांनी खिडकीतून फाटकाकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाले, "आणि हसरीने आज नाणं काढलंच नसतं तर? रस्त्यात तुमचीच सून नाणं घेऊन चाललेली, आणि ते तुम्ही सोडलेलं. दोघीही गेला असता तुम्ही."

"गेलो असतो," त्या म्हणाल्या.

नजरचूक लिहायला त्या शेवटपर्यंत तयार झाल्या नाहीत. माझी नोकरी राहिली. त्यांची गेली.

गणवेश उतरवून बाहेर पडताना फाटकावर दुसरी झडतीवाली उभी होती. ती बिचारी रडवेली झाली. "जा हो बाई, तुम्हाला काय तपासायचं," म्हणाली. सासूबाई तिच्यापुढे हात पसरून उभ्याच राहिल्या. तिने कसंबसं इकडेतिकडे चाचपलं.

"बुटांचे तळ राहिले," सासूबाई म्हणाल्या. ते झाल्यावर बाहेर पडल्या.

त्या संध्याकाळी घरी येऊन सासूबाई सरळ खाटेवर आडव्या झाल्या. हे पाना हातात घेऊन नुसते बसले होते, ह्यांनाही जिना उतरवेना.

सकाळी मी फणी घेतली आणि त्यांच्या खाटेपुढे पाठ करून बसले.

"आता कशाला?" त्या म्हणाल्या. "फाटकावर मी नाही. नवी बाई केस सोडूनच बघणार."

"बघू दे. तुम्ही बांधा."

थोड्या वेळाने फणी फिरायला लागली. मला राहवेना. "आई," मी म्हटलं, "माझ्यावर एवढा विश्वास कसा हो ठेवलात?"

"विश्वास?" फणी थांबली. "कुणी ठेवला विश्वास? विश्वास मी ह्याच्या बापावर ठेवला होता. लग्न झाल्यापासून एकदा त्यांचा डबा उघडून बघितला नाही. नवऱ्याचा डबा काय बघायचा, म्हटलं. त्या दिवशी त्यांना फाटकावर धरलं तेव्हा ते सगळ्यांना सोडून माझ्याकडे बघत होते. मी घेतलं नाही गं, म्हणाले. आणि मला सांगताच येईना. घेतलं नाही म्हणायला तोंड उघडेना, घेतलं म्हणायलाही उघडेना. ते तसेच गेले. अजून मला माहीत नाही."

मला वळून त्यांच्याकडे बघायचं होतं, पण त्यांनी माझं डोकं दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं.

"तुला रोज तपासलंय मी. पिशवी, डबा, केस, सगळं. काल नाणं हाताला लागलं आणि मला विचार करायलाच लागला नाही. माहीत होतं मला."

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. त्यांना ते दिसत नव्हतं, बरंच झालं. त्यांनी अंबाडा घातला आणि फीत हातात घेतली. "साधी गाठ मारू का? डोकं दुखतं म्हणालीस."

"नाही," मी म्हटलं. "तीच मारा."

त्यांनी टोक आत दडवलं आणि करकचून ओढली.

"आई गं! अहो, केस आहेत ते, पोतं नाही!"

"हलू नकोस," त्या म्हणाल्या.